स्कूबाचं कार्ड काढायच्या आधी: कोल्हापुरातनं निघणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

दिवाळी झाली की आमच्या ग्रुपवर मालवणचे फोटो यायला चालू होतात. तोंडात रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र), डोळ्यावर मास्क, भोवती पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे आणि हाताचा अंगठा वर. तो अंगठा बघितला की दरवेळी वाटतं ह्यांना कुणी काहीच सांगितलेलं नाही, कारण पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मस्त चाललंय' असं होत नाही, 'मला वर जायचंय' असं होतं. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि पहिलं बोट जुळवून गोल करायचा असतो. एवढी साधी खूण न शिकता माणसं १५-२० फूट खाली जाऊन येतात, त्यात त्यांचा दोष काही नाही, त्यांना ते कुणी शिकवलेलंच नसतंय.

गेल्या काही दिवसांत मात्र वेगळे फोन यायला लागलेत. शाहूपुरीतला एक पोरगा, इचलकरंजीचं एक जोडपं, माझा सख्खा भाचा, सगळ्यांचं एकच, "पूर्ण कोर्स करायचाय, कार्ड मिळतंय तो, कुठं करू, किती जातील, आणि त्या कार्डाचा उपयोग काय?" प्रत्येकाला फोनवर अर्धा-अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच ठेवतो. मी आधी घाईतला कोर्स केला, त्याचा फटका बसला, मग दुसऱ्याकडं नव्यानं शिकलो, त्यामुळं दोन्ही बघितलंय.

मालवणातली ती १५ मिनिटं आणि कोर्स, ह्यात फरक काय

किल्ल्याजवळ नेऊन जे करून देतात त्यात गाईड तुमची टाकी मागनं धरून ठेवतो. तरंगायला अंगात घातलेल्या जॅकेटमध्ये हवा भरणं-सोडणं तोच बघतो, खोली तोच ठरवतो, तुम्ही फक्त तोंडानं श्वास घ्यायचा आणि मासे बघायचे. पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेतल्याचा तो आनंद खराच असतो, तो अनुभव घेऊ नका असं मी अजिबात म्हणणार नाही. पण ते म्हणजे गाडीत शेजारच्या सीटवर बसून येणं, त्यावर लायसन मिळत नाही. काही ठिकाणी त्याचंही रंगीत सर्टिफिकेट देतात, ते घरात लावायला चांगलं आहे, पण दुसऱ्या कुठल्या डायव्ह सेंटरवर दाखवलं तर तुम्हाला कुणी टाकी भाड्यानं देणार नाही.

कोर्स म्हणजे ओपन वॉटर डायव्हर. तो पूर्ण केला की तुम्ही १८ मीटरपर्यंत, तसाच शिकलेला जोडीदार बरोबर घेऊन, इन्स्ट्रक्टरशिवाय उतरू शकता. त्याच्या खाली स्कूबा डायव्हर नावाचा अर्धा कोर्स आहे, तो १२ मीटरपर्यंत आणि कायम कुणीतरी प्रोफेशनल बरोबर पाहिजे. पुढं अ‍ॅडव्हान्स्ड केलं की ३० मीटर, हौसेच्या डायव्हिंगची शेवटची मर्यादा ४० मीटर. मुलांना १० वर्षं पूर्ण झाली की ज्युनियर कोर्स करता येतो, पण १०-११ वर्षांच्या पोरांना १२ मीटरच्या खाली नेत नाहीत आणि बरोबर आई-बाप डायव्हर किंवा इन्स्ट्रक्टर लागतो.

विहिरीत शिकलेल्यांनो, तुमच्यासाठी हे आधी

कोल्हापूरकराला पाण्याची भीती घालायची गरज नाही. अर्धं गाव पंचगंगेत नाहीतर मळ्यातल्या विहिरीत पाठीला हवाबंद डबा बांधून पोहायला शिकलेलं असतंय. वीरधवल खाडेसारखा २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेलेला पोहणारा आपल्यातलाच. मी पण आजोळी विहिरीतच शिकलो. आमच्यात एक रीत होती, वरनं सूर मारायचा, तळाला जायचं आणि मुठीत गाळ घेऊन वर यायचं, गाळ दाखवला तरच तळ गाठला म्हणायचे. कान दुखायचे, छाती फुटायची वेळ यायची, पण दम धरून ठेवायचा आणि सोडायचा नाही, हीच शिकवण.

नेमकी हीच सवय स्कूबात जीव घेऊ शकते. ह्याचं कारण नीट समजून घ्या, सगळ्या कोर्सचा गाभा इथं आहे.

तुम्ही विहिरीत दम धरून खाली जाता तेव्हा छातीत हवा वरचीच असते. खाली ती दबून लहान होते, वर येताना परत होती तेवढी होते, त्याच्या पुढं फुगत नाही. स्कूबात तुम्ही खाली गेल्यावर टाकीतली हवा घेता आणि रेग्युलेटर ती हवा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाएवढी करून देतो. बार म्हणजे दाब मोजायचं माप. जमिनीवर दाब १ बार, १० मीटरवर २ बार, २० मीटरवर ३ बार. १० मीटरवर छातीभर हवा घेतली आणि दम धरून वर आलात तर ती वर येईपर्यंत दुप्पट व्हायला बघते, फुप्फुस काही दुप्पट होत नाही, ते फाटतं. आणि त्यासाठी १० मीटर पण लागत नाहीत, मीटर-सव्वा मीटरवरनं छातीभर हवा घेऊन दम धरून वर आलं तरी इजा होऊ शकते, म्हणजे स्विमिंग पूलमध्ये सुद्धा.

कुणाला पटत नसेल तर मालवणातनं वेफर्सचा पुडा घ्या आणि न फोडता आंबोली चढून या. वर येईपर्यंत पुडा टम्म फुगलेला असतो. आंबोली समुद्रसपाटीपासनं साधारण ६९० मीटरवर आहे, एवढा घाट चढून दाबात जो फरक पडतो तेवढा फरक पाण्यात मीटरभर सुद्धा वर न येता पडतो. म्हणून स्कूबाचा पहिला नियम, श्वास कधीच अडवायचा नाही. तोंडातनं रेग्युलेटर निघाला असला तरी बारीक बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

कानाचं पण हेच. घाट उतरताना कान बंद होतात आणि जांभई दिली की सुटतात, तेच पाण्यात एक-दोन मीटरमध्ये होतं आणि फार लवकर होतं. नाक दाबून हळूच हवा कानाकडं ढकलायची, आणि दुखायच्या आधी ढकलायची, दर अर्ध्या मीटरला. दुखायला लागल्यावर जोर लावायचा नाही, थोडं वर यायचं, परत प्रयत्न करायचा. विहिरीत आपण दुखणं सोसून खाली जायचो, ते इथं चालत नाही. सर्दी असेल त्या दिवशी डायव्ह नाही म्हणजे नाही. नाकात थेंब टाकून उतरणारे असतात, पण खाली असताना थेंबांचा असर संपला तर अडकलेली हवा वर येताना बाहेर निघत नाही आणि मग कानाचं, सायनसचं बेक्कार दुखणं मागं लागतं.

पैसे भरायच्या आधी डॉक्टर

चांगला सेंटर सगळ्यात आधी तुमच्या हातात तब्येतीचा फॉर्म देतो. दमा, फिट, हृदयाचं काही, फुप्फुसाचं किंवा कानाचं ऑपरेशन, शुगर, गरोदरपण असं सगळं त्यात विचारलेलं असतं, ४५ च्या पुढच्यांना जास्तीचे प्रश्न असतात. एका जरी महत्त्वाच्या प्रश्नाला 'हो' आलं तर डॉक्टरची सही लागते. आपल्याकडं काय होतं, माणूस बोटीवर पोचल्यावर फॉर्म हातात येतो आणि मागची लाईन बघून सगळ्याला 'नाही' टिक करून मोकळा होतो. तसं करू नका. फॉर्म आधीच मागवून घ्या, डॉक्टरसाठी त्याच्याबरोबर जी माहितीची पानं असतात ती पण प्रिंट काढून न्या, कारण फॅमिली डॉक्टरला डायव्हिंगचं माहीत असेलच असं नाही. लहानपणी दमा होता आणि आता बरा आहे असं असेल तर छातीच्या डॉक्टरला दाखवून घ्या. डॉक्टरनं 'नाही' म्हटलं तर वाईट वाटेल, पण ते इथं राजारामपुरीतल्या दवाखान्यात ऐकलेलं बरं.

कुठली संस्था, आणि त्यापेक्षा कोण शिकवणार

'पॅडी करू की एसएसआय?' (दोन्ही कार्ड देणाऱ्या संस्था) हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. पॅडी १९६६ ची, एसएसआय १९७० ची, शिवाय नॉवी आहे, सीमास आहे. स्वतंत्र डायव्हरला काय-काय यायलाच पाहिजे ह्याचा आयएसओ ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा मापदंड आहे, २४८०१-२ नंबरचा, मोठ्या संस्थांचं ओपन वॉटर लेव्हलचं शिक्षण त्याला धरूनच असतं आणि कार्ड जगभर चालतं. एकाचं ओपन वॉटर करून दुसऱ्याचं अ‍ॅडव्हान्स्ड करता येतं.

फरक पडतो तो शिकवणाऱ्या माणसानं. पुस्तक तेच असतं, पण एक इन्स्ट्रक्टर प्रत्येक गोष्ट तुम्हाला सहज जमेपर्यंत करून घेतो आणि दुसरा एकदा झाली की वहीत टिक मारतो. संस्थेचा नियम त्या पहिल्या इन्स्ट्रक्टरसारखा आहे, एकदा कसंतरी जमलं म्हणजे आलं असं धरत नाहीत, परत परत आणि न घाबरता करता आलं पाहिजे. त्यामुळं फोन करून विचारायचं आणि न लाजता विचारायचं, पैसे आपले आहेत आणि जीव पण.

इन्स्ट्रक्टरचा नंबर काय? तो संस्थेच्या वेबसाईटवर टाकून बघता येतो, ह्या वर्षी त्याचं नाव चालू आहे का ते कळतं. समुद्रात एका वेळी किती जण असणार? पॅडीच्या ओपन वॉटरला एका इन्स्ट्रक्टरमागं जास्तीत जास्त ८ चालतात, पण आपल्याकडच्या गढूळ पाण्यात ८ पोरं सांभाळणं अवघड आहे, मी ४ च्या वर असतील तर जात नाही. पूलमध्ये शिकवणारा आणि समुद्रात नेणारा एकच आहे का? बोटीवर ऑक्सिजनचं किट आणि ते वापरता येणारा माणूस असतो का? काही झालं तर कुठल्या हॉस्पिटलला नेणार, हायपरबॅरिक चेंबर (डायव्हरला जास्त दाबात ठेवून उपचार करायची खोली) सगळ्यात जवळ कुठं? ह्या शेवटच्या प्रश्नाला जो 'आमच्याकडं आजपर्यंत काही झालं नाही' म्हणतो त्याला राम राम करायचा. ज्यानं विचार केलाय तो लगेच उत्तर देतो.

बोटीचं पण विचारा, लाईफ जॅकेट किती, माणसं किती घेता. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परत येणारी पर्यटकांची बोट उलटून दोन जण गेले, पाण्याखाली सगळं सुखरूप होऊन किनाऱ्याजवळ येताना हे झालं. मेच्या शेवटी समुद्र खवळायला लागतो आणि मे अखेरपासनं ऑगस्ट अखेरपर्यंत हे सगळं बंदच असतं, म्हणून मी तर शेवटच्या आठवड्यांतलं बुकिंग घेतच नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी चांगलं.

आणि दिवस विचारा. दीड दिवसात कार्ड देतो म्हणणारा सापडला तर फोन ठेवा. समुद्रातले ४ ट्रेनिंग डायव्ह कमीत कमी दोन दिवसांत विभागलेले असायला लागतात, एका दिवसात ३ च्या वर घेता येत नाहीत, त्याच्या आधी पूल आणि थिअरी. व्यवस्थित कोर्सला ३-४ दिवस जातातच. मी चौकशी केली तेव्हा पूर्ण कोर्सचा आकडा ३० हजारांच्या आगेमागे होता, त्यात पुस्तक किंवा ऑनलाईन कोर्स, कार्डाची फी, सामानाचं भाडं आणि बोट धरलंय का हे लिहून घ्या, फार कमी आकडा सांगितला की ह्यातलं काहीतरी बाहेर ठेवलेलं असतं किंवा पाण्यातला वेळ कापलेला असतो.

जागा म्हणाल तर आपल्याला सगळ्यात जवळ मालवण-तारकर्ली, तिथं एमटीडीसीची इसदा ही स्कूबाचीच संस्था आहे आणि शिकवायला खास खोल पूल आहे. गोव्यात ग्रँड आयलंड, कर्नाटकात मुर्डेश्वरजवळचं नेत्राणी, आणि सवड-पैसा असेल तर अंदमान. मालवणात पाणी बरेचदा चार-पाच मीटरच्या पुढं दिसत नाही, ते मला शिकायला वाईट वाटत नाही, गढुळात जोडीदाराकडं लक्ष ठेवायची सवय लागते. अजून एक सोय, थिअरी आणि पूल एकीकडं करून समुद्रातले डायव्ह दुसरीकडं करता येतात, त्याला रेफरल म्हणतात, पॅडीत ते १२ महिने चालतं.

घरात बसून करायचा भाग

थिअरीची ५ प्रकरणं असतात, शेवटी ५० प्रश्नांची परीक्षा आणि ७५ टक्के लागतात. ऑनलाईन होतंय म्हणून व्हिडिओ पळवून पुढं जाणारे बघितलेत, आणि मग पाण्यात विचारलं की गप्प. निदान हवेचा हिशोब तरी हातानं करून बघा. टाकी साधारण ११ लिटरची, २०० बारला भरलेली, म्हणजे २२०० लिटर हवा. (टाकीत साधी हवाच असते बरं का, २१ टक्के ऑक्सिजनची, 'ऑक्सिजन सिलेंडर' म्हणायची सवय सोडून द्या.) शांत माणूस जमिनीवर मिनिटाला २० लिटर धरला तर टाकी १०० मिनिटांच्या वर जाते, तोच १० मीटरवर ४० लिटर ओढतो, २० मीटरवर ६०. घाबरलेला माणूस ह्याच्या दुप्पट. वर येईपर्यंत ५० बार राखून ठेवायचे असतात ते वेगळेच. हे एकदा कागदावर मांडलं की टाकीतला दाब दाखवणाऱ्या काट्याकडं बघायची आठवण करून द्यायला लागत नाही.

पूल: इथं घाई केली ती मला महागात पडली

सुरुवातीला २०० मीटर पोहून दाखवायचं, वेळेचं बंधन नाही, आणि १० मिनिटं तरंगायचं. आपल्या लोकांना हे काहीच नाही. येत नसेल तर आधी महिनाभर अंबाई टँकला जा, कोर्सच्या पैशात पोहणं शिकायला जाऊ नका.

मग येतात खरी कामं. मास्कमध्ये पाणी घेऊन ते काढणं, तोंडातनं रेग्युलेटर सोडून परत शोधणं, जोडीदाराच्या दुसऱ्या रेग्युलेटरवर वर येणं, सामान पाण्यात काढून परत घालणं, आणि एका जागी न बुडता न वर जाता तरंगत राहणं.

माझ्या पहिल्या कोर्सला आम्ही सहा जण होतो. गुडघ्यावर बसवून प्रत्येकाकडनं मास्क एकदा करून घेतला, माझ्या मास्कमध्ये निम्मं पाणी राहिलं होतं तरी इन्स्ट्रक्टरनं हातानं ओके केलं आणि पुढच्याकडं गेला. कार्ड मिळालं, मी खूश. त्यानंतरच्या तिसऱ्या डायव्हला, १४ मीटरवर, पुढच्या माणसाच्या फिनची (पायात घालायच्या वल्ह्याची) लाथ बसली आणि मास्क कपाळावर सरकला. डोळ्यात खारं पाणी, नाकात पाणी, काही दिसेना. आणि शरीरानं लहानपणी शिकलेलं केलं, दम धरला आणि वरच्या उजेडाकडं पाय मारले. शेजारच्या अनोळखी डायव्हरनं माझ्या जॅकेटचा पट्टा पकडून मला खाली ओढून धरलं, रेग्युलेटरवर बोटानं टकटक केलं, श्वास घे, श्वास सोड. त्या माणसाचं तोंड पण मला नीट दिसलं नव्हतं. तो नसता तर काय झालं असतं ते वर वेफर्सच्या पुड्यात सांगितलंय.

नंतर ज्या मॅडमकडं शिकलो त्यांनी पहिला अख्खा तास फक्त मास्कवर घेतला. आधी उथळ पाण्यात नाक उघडं ठेवून, मास्क न घालता, नुसता तोंडानं श्वास घ्यायचा, पाच मिनिटं. नाकात पाणी असताना तोंडानं श्वास चालतो हे डोक्याला पटेपर्यंत दुसरं काही नाही. मग मास्क भरायचा, वरची कडा दोन बोटांनी कपाळाला दाबायची, नाकातनं सावकाश हवा सोडत मान थोडी वर करायची, पाणी खालच्या कडेनं निघून जातं. बसून झालं की तरंगत, तरंगत झालं की पोहत, पोहत झालं की त्या मागनं येऊन मास्क काढून घ्यायच्या. वीस-पंचवीस वेळा झालं असेल, आणि त्यातल्या कितव्या वेळेला माझं धडधडायचं बंद झालं ते मला कळलं सुद्धा नाही. हे शिक्षण. त्या तासाचे मी पैसे दिलेत असं म्हणायला मला आवडतं.

तुम्ही पूलच्या काठावर उभं राहून ओळखू शकता. शिकणारे सगळे तळाला गुडघे टेकून रांगेत बसलेत का आडवे तरंगत काम करतायत? समुद्रात गुडघे टेकायला जागा नसते, असते तिथं खाली प्रवाळ असतं आणि ते मोडतं. चांगला शिकवणारा लवकरच तुम्हाला तळावरनं उचलतो.

मिशीवाल्यांसाठी एक. मास्कची खालची कडा नाकाखाली नीट बसत नाही आणि सतत पाणी येत राहतं. नाकाच्या लगेच खाली बारीक पट्टी साफ केली तर बराच फरक पडतो, बाकी मिशी राहू द्या. व्हॅसलीन फासायला सांगतात, पण सिलिकॉनच्या मास्कला ते बरं नाही. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो, आधी सांगून ठेवा.

समुद्रातले चार डायव्ह

आदल्या रात्री तांबडा-पांढरा ओरपून जाऊ नका, आणि सकाळी मिसळ नको, बोटीवर डुलायला लागलं की सगळं वर येतं. पोहे, केळं, भरपूर पाणी. दारू अजिबात नाही.

उतरायच्या आधी जोडीदाराचं सामान तपासायचं, दर वेळी. जॅकेटमध्ये हवा भरते का, सुटते का, वजनाचा पट्टा एका हातानं सोडता येतो का, बकल कुठं आहेत, आणि हवा. हवा तपासताना रेग्युलेटरमधनं तीन-चार श्वास घ्यायचे आणि डोळे काट्यावर ठेवायचे. श्वासाबरोबर काटा मागं-पुढं हलला तर टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. हवेला तेलाचा, धुराचा वास आला तर ती टाकी परत द्या, कितीही घाई असली तरी.

पहिले दोन डायव्ह १२ मीटरपर्यंत, नंतरचे दोन १८ पर्यंत. ट्रेनिंगचा डायव्ह म्हणून धरायला पॅडीत कमीत कमी २० मिनिटं खाली राहायला लागतं किंवा तेवढी हवा, १४०० लिटर, वापरायला लागते. दहा मिनिटांत वर आणून 'झाला एक' म्हणत असतील तर तो झालेला नाही. वर येताना सावकाश, मिनिटाला ९-१० मीटर, आपल्याच बारीक बुडबुड्यांच्या पुढं जायचं नाही, आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं.

खाली असताना नको वाटलं तर अंगठा वर करा. कुणालाही, कधीही, कारण न सांगता डायव्ह थांबवता येतो. जो इन्स्ट्रक्टर ह्यावरनं तोंड वाकडं करतो त्याच्याकडं उरलेले पैसे सोडून निघून यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

कोर्स झाल्यावर संस्थेकडनं ईमेलवर प्रश्नावली येऊ शकते, हे-हे शिकवलं का म्हणून. आली तर खरं भरा. मी पहिल्या वेळेला भरली नव्हती, ह्याची मला अजून खंत आहे, माझ्यानंतर त्या पूलमध्ये किती जण बसले असतील.

कार्ड हातात आल्यावर

कार्डाची मुदत संपत नाही, पण हाताची संपते. सहा महिने-वर्षभर पाण्यात गेला नसाल तर पूलमध्ये रिफ्रेशर करून मगच समुद्र. लॉगबुक लिहा, किती वजन घेतलं, किती हवा राहिली, काय चुकलं, पुढच्या सेंटरवाला कार्डापेक्षा तेच जास्त बघतो. विमा बघून घ्या, साध्या मेडिक्लेममध्ये साहसी खेळ बरेचदा वगळलेले असतात, डायव्हर्स अलर्ट नेटवर्कसारखे डायव्हरांसाठीचेच विमे आहेत.

आणि एक गोष्ट कोल्हापूरच्या पोरांना हात जोडून सांगायची आहे. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या वर गेलं की आपल्याकडं प्रत्येक तालमीतला पोरगा मदतीला धावतो, २०१९ ला आणि २०२१ ला आपण सगळ्यांनी बघितलंय. पण ओपन वॉटरच्या कार्डावर टाकी लावून पुरात, विहिरीत किंवा धरणात कुणाला शोधायला उतरायचं नाही. ते कार्ड स्वच्छ पाण्याचं, वरती थेट उघडं आकाश असणाऱ्या जागेचं आहे. पुराच्या पाण्यात हात दिसत नाही, तारा असतात, झाडं असतात, ओढ असते. त्या कामाचं शिक्षण वेगळं, दोर वेगळे, टीम वेगळी. तुम्हाला कुणी 'तुझ्याकडं लायसन आहे की' म्हणून पुढं ढकललं तर नाही म्हणा.

परत येताना घाट आहे, विसरू नका

हे पुस्तकात विमानाच्या धड्यात असतं आणि आपला माणूस ते सोडून देतो, कारण आपण गाडीनं जातो. खाली असताना रक्तात नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडत राहतो, काही तास. तेवढ्यात दाब अजून कमी झाला तर त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखणं, मुंग्या येणं, त्याहून वाईट पण होऊ शकतं. म्हणून एका डायव्हनंतर निदान १२ तास आणि जास्त डायव्ह किंवा सलग दिवस केले असतील तर निदान १८ तास विमानात बसायचं नाही. ही शिफारस २ हजार ते ८ हजार फुटांच्या उंचीला धरून आहे, म्हणजे साधारण ६१० मीटरपासनं पुढं. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास, आणि आंबोली ६९० वर, म्हणजे घाटमाथ्यावर आपण त्या हद्दीत शिरतो. मुंबईचा माणूस मालवणातनं परत समुद्रसपाटीलाच जातो, आपण जात नाही. बोटीवरचे लोक बरेचदा मुंबईच्या हिशोबानं बोलतात, घाटाचं कुणी काढत नाही, आपणच लक्षात ठेवायचं. अंदमानला गेलात तर तिकीट काढतानाच शेवटचा दिवस मोकळा ठेवा.

आमच्या ग्रुपचं ठरलेलं आहे. शेवटचा डायव्ह दुपारी एकला संपला तर ती रात्र मालवणातच, मास्क-फिन गोड्या पाण्यात धुऊन वाळत घालायचे, लॉगबुकं भरायची, बाजारात चक्कर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आधी गाडी घाटाला लावायची नाही.